डिमॉकच्या विहिरींतील मिथेन : दोष भेगांचा की सिमेंटचा?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्येला सस्क्वेहॅना परगण्यात डिमॉक नावाची सुमारे दीड हजार लोकवस्तीची ग्रामीण वसाहत आहे. तिथे सार्वजनिक नळपाणी योजना नव्हती. प्रत्येक घराची स्वतःची विंधन विहीर होती आणि पिण्यापासून जनावरांपर्यंत सगळे पाणी तिच्यातूनच येत असे. या वस्तीच्या खाली दीड ते दोन किलोमीटर खोलीवर मार्सेलस शेल हा सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा, नैसर्गिक वायूने भरलेला काळा खडक आहे. ह्यूस्टनच्या कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीने २००६च्या सुमारास येथील जमीनमालकांशी भाडेपट्ट्याचे करार केले आणि २००८ मध्ये वायुविहिरी खोदण्याचे व त्यांतील खडकाचे जलीय विभंजन, म्हणजेच फ्रॅकिंग करण्याचे काम वेगाने सुरू झाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात काही घरांच्या नळांतून गढूळ आणि बुडबुड्यांनी भरलेले पाणी येऊ लागले. १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या अंगणातील विहिरीच्या बंदिस्त जागेत साठलेल्या मिथेनचा, म्हणजे नैसर्गिक वायूच्या मुख्य घटकाचा, स्फोट होऊन तिच्यावरचा काँक्रीटचा जाड स्लॅब फुटला.

या घटनेपासून सुरू झालेले प्रकरण चौदा वर्षे चालले. त्यात राज्य सरकार, संघीय सरकारच्या दोन संस्था, विद्यापीठांतील भूरसायनशास्त्रज्ञ, दिवाणी न्यायालय आणि शेवटी फौजदारी न्यायालय अशा सर्वांनी आपापली उत्तरे दिली. ही उत्तरे वरवर पाहता एकमेकांच्या विरोधात जातात. नीट वाचल्यावर मात्र ध्यानात येते की प्रत्येकाने उत्तर दिलेला प्रश्न वेगळा होता. ‘फ्रॅकिंगने पाणी बिघडवले का?’ हा प्रश्न डिमॉकमध्ये इतक्या सैल अर्थाने विचारला गेला, की कंपनीला शब्दशः खरे बोलूनही जबाबदारी टाळता आली आणि ज्यांचे पाणी गेले त्यांना आपले म्हणणे सिद्ध करता आले नाही. या प्रकरणाचा अभ्यास करायचा तो याच कारणासाठी.

जमिनीखाली काय घडते

शेल खडकात वायू असतो, परंतु त्यातील सूक्ष्म रंध्रे एकमेकांशी जोडलेली नसल्यामुळे तो आपणहून वाहत नाही. म्हणून आधी उभी आणि मग खडकाच्या थरातून आडवी अशी विहीर खोदली जाते आणि तिच्यात प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि काही रसायने सोडून खडकाला भेगा पाडल्या जातात. दाब काढून घेतल्यावर वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत आणि वायू विहिरीकडे वाहू लागतो. मार्सेलसमधील एका विहिरीला यासाठी साधारण दीड कोटी लिटर पाणी लागत असे. त्यातील काही भाग पुन्हा वर येतो, तोही खडकातील जुने क्षार, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि रेडियम सोबत घेऊन. या सांडपाण्याची विल्हेवाट हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे, परंतु डिमॉकचा मुख्य प्रश्न तो नव्हता.

तिथला प्रश्न होता तो विहिरीच्या उभ्या भागाचा. वायुविहीर भूजलाच्या थरातून आरपार जाते. म्हणून तिच्यात एकात एक अशा पोलादी नळ्या बसवतात, ज्यांना केसिंग म्हणतात, आणि नळी व खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरतात. हे सिमेंट खालपासून वरपर्यंत सलग आणि घट्ट बसले, तर वायूला वर येण्यासाठी नळीच्या आतली वाटच तेवढी उरते. ते अपुरे भरले गेले, आकसले, किंवा खडकाला नीट चिकटले नाही, तर नळीच्या बाहेरून शेकडो मीटर उंचीची एक उभी वाट खुली राहते. सस्क्वेहॅना परगण्यात मार्सेलस आणि भूजल यांच्या मध्ये असलेल्या, डेव्होनियन या भूशास्त्रीय काळातील वरच्या थरांतही वायूचे लहान साठे आहेत. त्यांना बाजारात किंमत नसल्यामुळे खोदणाऱ्याचे त्यांच्याकडे लक्ष नसते, पण त्यांच्यातील वायू दाबाखाली असतो आणि फट मिळताच तो वर चढतो. भूजलाच्या थरात पोहोचल्यावर खडकातील नैसर्गिक सांध्यांतून तो आडवा पसरतो आणि कुठल्या घराच्या विहिरीत उगवेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही.

मिथेनला रंग, चव किंवा वास नसतो. पाण्यात विरघळलेला मिथेन पिण्याने विषबाधा होते असे मानले जात नाही, म्हणूनच पिण्याच्या पाण्यातील मिथेनसाठी अमेरिकेत संघीय मर्यादाही नाही. धोका असतो तो पाणी वर आल्यानंतरचा. वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाणी साधारण २८ मिलिग्रॅम मिथेन धरून ठेवू शकते. त्याहून जास्त असलेला वायू विहिरीच्या झाकणाखाली, तळघरात किंवा न्हाणीघरात सुटतो आणि हवेतील त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान पोहोचले की एक ठिणगी पुरते. शिवाय मिथेन शिरल्यावर भूजलातील प्राणवायू कमी होतो आणि त्यामुळे खडकातील लोह व मँगनीज विरघळून पाण्यात उतरू शकतात. म्हणजे बाहेरून एक थेंबही रसायन आले नाही तरी पाण्याची रचना बदलते. प्रदूषण म्हणजे बाहेरचे विष मिसळणे, ही आपली नेहमीची कल्पना इथे अपुरी पडते.

राज्याने काय केले

राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाने स्फोटानंतर तपास सुरू केला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये कंपनीला नियमभंगाची नोटीस बजावली. त्याच सप्टेंबरमध्ये एका वायुविहिरीच्या आवारात विभंजनासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवाची थोड्याच दिवसांत तीन वेळा गळती झाली. सुमारे ८,००० गॅलन, म्हणजे ३० हजार लिटर द्रव सांडून त्यातील काही जवळच्या ओढ्यात पोहोचला आणि विभागाने परगण्यातील कंपनीचे विभंजन काही आठवडे थांबवले. ही गळती जमिनीवरची होती आणि विहिरींतील मिथेनशी तिचा संबंध नव्हता. पुढील चर्चेत मात्र दोन्ही गोष्टींची सतत गल्लत झाली.

४ नोव्हेंबर २००९च्या संमती आदेशात विभागाने कंपनीला १ लाख २० हजार डॉलरचा दंड केला आणि बाधित घरांना पाणी पुरवण्यास सांगितले. एप्रिल २०१० मध्ये आदेश कडक झाला : आणखी २ लाख ४० हजार डॉलरचा दंड, तीन वायुविहिरी कायमच्या बुजवणे, आणि सुमारे नऊ चौरस मैलांच्या टापूत नव्या वेधनाला, म्हणजे विहिरी खोदण्याला, बंदी. कारण म्हणून विभागाने सदोष केसिंग आणि सिमेंटकडे बोट दाखवले. अखेरीस १८ पाणीस्रोत बाधित ठरले. या भागातील पाण्यात मिथेन पूर्वीपासूनच आहे, असे म्हणत कंपनीने दोष कधीच मान्य केला नाही.

सप्टेंबर २०१० मध्ये विभागाचे तत्कालीन सचिव जॉन हँगर यांनी जवळच्या माँट्रोज गावाहून साडेबारा मैलांची जलवाहिनी टाकण्याची योजना जाहीर केली. खर्च सुमारे १ कोटी १८ लाख डॉलर होता आणि तो कंपनीकडून वसूल करायचा होता. स्थानिक विरोध आणि कंपनीचा नकार यांमुळे ती तीन महिन्यांतच गुंडाळली गेली. डिसेंबर २०१० मध्ये तडजोड झाली : १९ कुटुंबांसाठी ४१ लाख डॉलर, प्रत्येकाला मालमत्तेच्या मूल्याच्या दुप्पट रक्कम, शिवाय मिथेन काढून टाकणारी यंत्रे. ३० नोव्हेंबर २०११ रोजी विभागाच्या परवानगीने कंपनीने पाण्याचा पुरवठा थांबवला. या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक मला या तडजोडीत दिसते. पैशाने नुकसानीची किंमत ठरली, पण पाणी परत आणण्याचे बंधन त्याच कागदावर संपले, आणि ते पुन्हा लागू व्हायला पुढची अकरा वर्षे गेली.

पुराव्याची लढाई

मिथेन सर्वत्र एकसारखा नसतो. दलदलीत किंवा उथळ गाळात सूक्ष्मजीव तयार करतात तो जैविक मिथेन, आणि खोल खडकात उष्णता व दाबाने तयार होतो तो औष्णिक मिथेन. कार्बन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, गुणोत्तर पाहून, तसेच सोबत इथेन व प्रोपेन आहेत का हे तपासून, दोन्हींमध्ये फरक करता येतो, कारण सूक्ष्मजीव इथेन जवळजवळ बनवतच नाहीत.

ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात पेनसिल्व्हेनियाचा ईशान्य भाग आणि लगतच्या न्यू यॉर्कमधील पाण्याच्या ६८ खासगी विहिरींचा अभ्यास होता. सक्रिय वायुविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतील विहिरींत मिथेनचे सरासरी प्रमाण लिटरला १९.२ मिलिग्रॅम निघाले, तर दूरच्या विहिरींत ते १.१ मिलिग्रॅम होते. फरक सुमारे सतरा पटींचा होता आणि एका विहिरीत तर ते ६४ मिलिग्रॅमपर्यंत गेले होते. समस्थानिकांची लक्षणे औष्णिक मिथेनची होती. मात्र याच निबंधात आणखी एक निष्कर्ष होता, जो दोन्ही बाजूंनी आपल्या सोयीने वापरला : विभंजनाच्या द्रवाचे किंवा खोल थरांतील खाऱ्या पाण्याचे मिश्रण झाल्याचा पुरावा सापडला नव्हता. वायू वर आला होता, द्रव नाही. २०१३ मध्ये याच गटाने १४१ विहिरींचा अभ्यास मांडला. त्यात एक किलोमीटरच्या आत मिथेन सहा पट आणि इथेन तेवीस पट जास्त आढळला.

उद्योगाची बाजूही पोकळ नव्हती. कंपनीच्या तज्ज्ञांचाही सहभाग असलेल्या आणि २०१३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सस्क्वेहॅना परगण्यातील १,७०१ विहिरींची माहिती होती. मिथेन परगण्यात जवळजवळ सर्वत्र आहे आणि त्याचे प्रमाण वायुविहिरींच्या अंतरापेक्षा विहीर दरीत आहे की उंचवट्यावर यावर अधिक अवलंबून आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. हे नाकारता येत नाही. माँट्रोजजवळच्या सॉल्ट स्प्रिंग्ज उद्यानातील झऱ्यांतून मिथेनचे बुडबुडे नैसर्गिकरीत्या येतात. पण परगण्याची सरासरी आणि एका विशिष्ट घराच्या विहिरीत एका विशिष्ट हिवाळ्यात झालेला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजारो विहिरींत मिथेन आधीपासून होता, यावरून काही विहिरींत तो नव्याने आला नाही असे सिद्ध होत नाही.

ही कोंडी फोडण्याच्या सर्वांत जवळ गेला तो २०१४ मधील निबंध. त्यात हेलियम, निऑन, आरगॉन अशा निष्क्रिय वायूंचा माग काढला होता. हे वायू कोणाशी रासायनिक संयोग करत नाहीत आणि त्यांना सूक्ष्मजीव खात नाहीत, त्यामुळे मिथेन कुठून व कोणत्या वाटेने आला याची खूण ते जपतात. वायू खडकातून हळूहळू झिरपत वर आला असता, तर पाण्यातून जाताना या वायूंचे परस्पर प्रमाण बदलले असते. मार्सेलस आणि टेक्सासमधील बार्नेट या दोन क्षेत्रांत दूषित विहिरींचे आठ समूह सापडले आणि त्यांतील खुणा सदोष सिमेंट, सदोष केसिंग किंवा जमिनीखाली झालेला विहिरीचा बिघाड यांच्याशी जुळल्या. आडव्या वेधनामुळे किंवा विभंजनामुळे खालून थेट वर वाट तयार झाली, असे कुठेही दिसले नाही.

हा निष्कर्ष मला निर्णायक वाटतो. ‘दीड किलोमीटर खालच्या भेगा तुमच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकत नाहीत’ हे कंपनीचे म्हणणे डिमॉकपुरते बरोबर होते. ‘तुम्ही आलात आणि आमचे पाणी बिघडले’ हे रहिवाशांचे म्हणणेही बरोबर होते. भेग पाडण्याची काही तासांची क्रिया म्हणजे फ्रॅकिंग, असा संकुचित अर्थ धरला तर दोष सिमेंटचा ठरतो. पण विभंजन करायचे नसते तर त्या विहिरी तिथे खोदल्याच गेल्या नसत्या, हेही तितकेच खरे. पेनसिल्व्हेनियात २००० ते २०१२ दरम्यान खोदलेल्या ४१ हजारांहून अधिक वायू व तेल विहिरींच्या तपासणी-नोंदींचा जो अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात १.९ टक्के विहिरींत सिमेंट किंवा केसिंगच्या बिघाडाची चिन्हे होती आणि ईशान्य भागातील नव्या पद्धतीच्या विहिरींत धोका लक्षणीयरीत्या जास्त होता. त्याच वर्षी राज्याने २००८ पासून पाणीस्रोत बाधित झाल्याची २४३ प्रकरणे जाहीर केली. टक्केवारी लहान दिसते, पण प्रत्येक प्रकरणामागे एखादे तरी घर असते ज्याला दुसरा पाणीस्रोत नाही.

संघीय संस्थांची दोन उत्तरे

जानेवारी २०१२ मध्ये ईपीए या संघीय पर्यावरण संस्थेने चार घरांना पाणी पुरवण्यास सुरुवात केली आणि ६४ घरांच्या पाण्याचे नमुने घेतले. २५ जुलै २०१२ रोजी तिने पुढील कारवाईची गरज नसल्याचे जाहीर केले. पाच घरांत आर्सेनिक, बेरियम किंवा मँगनीज चिंताजनक पातळीवर होते, परंतु तिथे शुद्धीकरण यंत्रे आहेत किंवा बसवता येतील, असे तिचे म्हणणे होते. बातम्यांत याचा अर्थ ‘डिमॉकचे पाणी सुरक्षित’ असा पोहोचला. वास्तविक ही तपासणी घातक द्रव्यांविषयीच्या ज्या कायद्याखाली झाली, त्याच्या व्याख्येतून नैसर्गिक वायू स्पष्टपणे वगळलेला आहे. ज्या गोष्टीमुळे विहिरीचा स्लॅब फुटला, तिच्यावर कारवाई करण्याचा अधिकारच त्या तपासणीला नव्हता.

चार वर्षांनी, मे २०१६ मध्ये, विषारी द्रव्यांच्या आरोग्यावरील परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संघीय संस्थेने त्याच ६४ विहिरींचे आकडे पुन्हा तपासले. तिच्या मते २७ विहिरींत काही ना काही घटक आरोग्यावर परिणाम करू शकतील इतक्या प्रमाणात होते आणि १७ विहिरींत मिथेनमुळे आग किंवा स्फोटाचा धोका होता. नमुने तेच, पाणी तेच. बदलला तो फक्त विचारलेला प्रश्न. घातक घटकांपैकी काही नैसर्गिक असू शकतात, हे खरे, आणि त्यांचा उगम ठरवणे हा त्या अहवालाचा हेतूही नव्हता. पण ते पाणी पिणाऱ्यांना हे उत्तर २०१२ मध्येच मिळायला हवे होते.

डिसेंबर २०१६ मध्ये ईपीएने देशव्यापी मूल्यांकनाचा अंतिम अहवाल दिला. जलीय विभंजनाशी निगडित कामांमुळे काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांवर परिणाम होऊ शकतो, असे त्यात म्हटले होते आणि सदोष विहिरींतून वायू व द्रव भूजलात जाणे ही अशी एक परिस्थिती म्हणून नोंदवली होती. २०१५च्या मसुद्यातील ‘व्यापक, पद्धतशीर परिणामांचा पुरावा नाही’ अशा आशयाचे वाक्य अंतिम अहवालातून गाळण्यात आले.

न्यायालयात आणि कायद्यात

तडजोड न स्वीकारलेल्या दोन कुटुंबांना मार्च २०१६ मध्ये ज्यूरीने ४२ लाख ४० हजार डॉलरची भरपाई दिली. वर्षभराने न्यायदंडाधिकारी मार्टिन कार्लसन यांनी पुरावा अपुरा आणि रक्कम त्याच्याशी विसंगत ठरवून तो निकाल रद्द केला आणि नव्या सुनावणीचा आदेश दिला. पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. या दाव्यात उणीव होती ती खोदकामापूर्वीच्या विश्वासार्ह नमुन्यांची. आधी विहिरीत किती मिथेन होता हे माहीत नसेल, तर नंतरचा कोणताही आकडा वादग्रस्तच राहतो, आणि हा आधीचा नमुना घेण्याचे भान व पैसा रहिवाशाकडे असेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात यावर एक चांगली तरतूद आहे. वायुविहिरीपासून ठरावीक अंतरात आणि ठरावीक काळात पाणी बिघडले, तर ते कंपनीमुळेच बिघडले असे गृहीत धरले जाते आणि उलट सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर येते. डिमॉकच्या वेळी ही मर्यादा १,००० फूट आणि सहा महिने होती. २०१२च्या कायद्याने अशा शेल विहिरींसाठी ती २,५०० फूट आणि बारा महिन्यांपर्यंत वाढवली, आणि त्यामुळे कंपन्या खोदकामापूर्वी स्वतःहून नमुने घेऊ लागल्या. तरीही २,५०० फूट म्हणजे ७६२ मीटर. ड्यूकच्या अभ्यासात फरक दिसला तो एक किलोमीटरपर्यंत. कायद्याची रेषा विज्ञानाच्या रेषेच्या आत पडते आणि मधल्या पट्ट्यातील घरांना हे संरक्षण मिळत नाही. संघीय पातळीवर तर २००५च्या ऊर्जा धोरण कायद्याने डिझेलचा वापर वगळता जलीय विभंजनाला सुरक्षित पेयजल कायद्याच्या भूमिगत द्रव सोडण्याविषयीच्या नियमांतून बाहेरच काढले आहे.

शेवटी प्रकरण फौजदारी झाले. जून २०२० मध्ये महाधिवक्ता जॉश शापिरो यांनी ग्रँड ज्यूरीच्या चौकशीनंतर कंपनीवर १५ आरोप ठेवले. विलीनीकरणानंतर कोटेरा असे नाव झालेल्या कंपनीने २९ नोव्हेंबर २०२२ रोजी स्वच्छ प्रवाह कायद्याखालील कमी गंभीर आरोपांना आपण प्रतिवाद करणार नाही, असे सांगितले. यात दोष कबूल होत नाही, पण शिक्षा मान्य होते. सार्वजनिक जलवाहिनीसाठी १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर देणे आणि बाधित घरांची पाण्याची बिले ७५ वर्षे भरणे कंपनीने स्वीकारले. बारा वर्षांपूर्वी सोडून दिलेलीच योजना जास्त खर्चात परत आली, आणि मधल्या काळात तिथल्या लोकांनी बाहेरून आणलेल्या पाण्यावर दिवस काढले.

त्याच सुमारास पर्यावरण विभागाने २०१० पासूनची वेधनबंदी शिथिल केली आणि टापूच्या बाहेर विहिरी उभ्या करून त्यांच्या आडव्या शाखा डिमॉकच्या खालून नेण्याची मुभा कंपनीला दिली. उभा भाग वस्तीपासून दूर असेल, हा त्यामागचा तर्क सिमेंटविषयी वर जे आले आहे त्याच्याशी सुसंगत आहे आणि तेवढ्यापुरता तो मला मान्य आहे. नवी नळपाणी योजना मात्र सुमारे वीस घरांसाठी आहे आणि तिचे पाणीही दोन नव्या विंधन विहिरींतूनच उपसून, शुद्ध करून दिले जायचे आहे. त्यामुळे त्या दोन विहिरींतील मिथेन, इथेन, क्षार आणि समस्थानिकांची मोजणी आडव्या शाखा खोदण्याच्या आधी व नंतर, कंपनीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत व्हायला हवी आणि तिचे आकडे कोणालाही पाहता येतील असे राज्याच्या नोंदीत राहायला हवेत. कोणत्या विहिरीचे सिमेंट किती खोलीपर्यंत भरले आणि त्याची दाबचाचणी कधी झाली, ही नोंदही त्याच ठिकाणी असावी.